निलगिरीची साल कुणी सोलली?

मागच्या वर्षी डिसेंबरात मामाचा सकाळी सहाला फोन आला. मामाचं गाव पाटणच्या वर, कोयनेच्या डोंगराला टेकलेलं. तो एवढ्या सकाळी फोन करतो तो दोनच कारणांनी: कुणी गेलं असेल तर, नाहीतर भावकीत काही झालं असेल तर. "आरं, माझी निलगिरी सोलली रं," म्हणाला. "पाच झाडं. कोयत्यानं साल काढल्या. आन् मला म्हाईत हाय कुणाचं काम हाय ते."

त्याला कुणाचा संशय होता ते मलाही माहीत होतं. बांधाला निलगिरी लावल्यापासून पलीकडच्या चुलतमामाशी कुरबुर चालली होती. निलगिरी पाणी ओढते, सावली पडते, माझं भात पिवळं पडतं, हे दर पावसाळ्याचं. मामानं पोलीस पाटलाला फोन लावायच्या आत मी पोचावं म्हणून रविवारी तिकडं गेलो.

झाडं मनगटाएवढी, सरळ, खाली फांदी नाही. गुडघ्याच्या वरपासून छातीपर्यंत साल गेलेली आणि आतलं पांढरं लाकूड उघडं पडलेलं. मध्यभागी हात फिरवला तर लाकूड पॉलिश केल्यासारखं गुळगुळीत. पण कडा बघितल्या तर वेगळंच. वर आणि खाली सालीच्या दशा लोंबत होत्या, सुतळी पिंजावी तशा. बुंध्याशी सालीचा चुरा पडलेला. एका झाडाच्या चिकाला दोन राठ, करडे केस चिकटले होते.

तेवढ्यात शेळ्या घेऊन तात्या आले. पाटणच्या रानात सत्तर पावसाळे काढलेला माणूस. त्यांनी झाडाला हातसुद्धा लावला नाही. "कोयत्यानं काढली असती तर कड सरळ आली असती," म्हणाले. "हिला दशा सुटल्यात. सांबर हाय ह्यो. मस्तीला आलाय."

मामाचा चेहरा उतरला. आयती आलेली केस हातची गेली. मग बराच वेळ झाडाकडं बघून त्यानं विचारलं, "पण कशाला? खाल्लीबी न्हाई. नुसतीच सोलली."

प्रश्न एकदम बरोबर आहे. दोनशे-अडीचशे किलोचा नर ऐन थंडीत रात्रभर पाच झाडांशी झोंबत बसतो. त्यातून त्याला खायला काही मिळत नाही. मग तो हे करतो कशाला?

आधी शिंगांचं बघू, कारण निम्मा घोटाळा तिथंच आहे. बेंदराला आपण बैलाची शिंगं साळतो, रंगवतो, शेंब्या बसवतो. बैलाचं शिंग म्हणजे आत हाड आणि वरून नखासारख्या पदार्थाची टोपी. ते जन्मभर राहतं, वाढत राहतं, गळत नाही. गाय, म्हैस, शेळी, गवा, काळवीट, चौशिंगा ही सगळी या घरातली. सांबर, चितळ आणि भेकर यांचं शिंग अख्खं भरीव हाड असतं. ते फक्त नराला येतं, ठरावीक काळानं मुळातून गळून पडतं आणि पुन्हा नवं उगवतं. मराठीत दोन्हींना आपण शिंगच म्हणतो, म्हणून फरक लक्षात येत नाही. (गळलेलं शिंग रानात सापडलं तरी उचलून घरी आणायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. दिवाणखान्यात लावलेली कितीतरी शिंगं माणसाला महागात पडलेली आहेत.)

हे हाड उगवतं तेव्हा त्याच्यावर कातडीचं आवरण असतं. मऊ, लव असलेलं, रक्तवाहिन्यांनी भरलेलं. हात लावला तर गरम लागतं म्हणतात. त्याला मखमल म्हणू. या रक्तावर शिंग इतक्या झपाट्यानं वाढतं की प्राण्यांच्या शरीरात त्या वेगानं वाढणारं दुसरं हाड नाही. उत्तर अमेरिकेतल्या वापिटीसारख्या मोठ्या हरणात ते दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटर चढतं. वाढ पूर्ण झाली की नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक चढतं, शिंग कडक होतं, मखमलीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती वाळून फाटायला लागते. अशा वेळी नर झुडपांत शिंगं घुसळून ती काढून टाकतो. तेव्हा शिंगांना रक्ताळलेल्या चिंध्या लोंबत असतात. दिसायला भयंकर, पण तोवर ती कातडी मेलेली असते.

बहुतेकांचं स्पष्टीकरण इथं संपतं. शिंगांना खाज सुटते म्हणून घासतो. शाळेत मलाही असंच सांगितलं होतं. पण हिशोब जुळत नाही. मखमल निघायला एखादा दिवस लागतो, कधी काही तासच. झाडं घासणं मात्र त्यानंतर कित्येक आठवडे, महिने चालू राहतं. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं म्हणून एक हरीण आहे, तिथल्या शिकाऱ्यांचं आणि अभ्यासकांचंही लाडकं. त्याचा एकेक नर एका हंगामात शेकड्यांनी झाडं घासतो. शिंग कोरडं, कडक, चकचकीत झाल्यानंतर. खाजेपायी एवढा उद्योग कुणी करत नाही.

उत्तर शिंगात नव्हतं, शिंगाच्या मुळाशी होतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात लॅरी मार्चिंटन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत या पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर काम केलं. नर झाड कसं घासतो ते नीट बघितलं तर दिसतं की तो नुसती शिंगं चालवत नाही. थोडा वेळ शिंगांच्या बुडानं साल खरवडतो, मग थांबतो. उघड्या पडलेल्या ओल्या लाकडावर कपाळ घासतो. मग हुंगतो. चाटतो. परत कपाळ. म्हणजे साल काढणं ही झाली तयारी, खरं काम पुढंच. त्यांनी कपाळाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तेव्हा शिंगं आणि डोळे यांच्यामधल्या पट्ट्यात घामाच्या ग्रंथींचा एक प्रकार सापडला. या ग्रंथी माजाच्या काळात फुगून कामाला लागतात. आणि सगळ्यांच्या सारख्या नाहीत. वयानं मोठ्या, कळपात वरचढ असलेल्या नरांत त्या सगळ्यात जास्त चालतात. अशा नराच्या कपाळावरचे केस त्या दिवसांत गडद, तेलकट दिसतात.

तात्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "बोकडाचंबी तसंच की," म्हणाले. खरंच आहे. बोकडाला वास का मारतो आणि तो कुठून मारतो हे शेळ्या पाळणाऱ्या कुणालाही माहीत असतं. बोकडाच्या शिंगांच्या मागं ग्रंथी असतात आणि हंगामात तो डोकं दावणीला, खांबाला, माणसाच्या धोतराला पुसत हिंडतो. धोतराला आठ दिवस वास राहतो. आपल्याला तो नुसता घाण वास. शेळीला मात्र त्यात बरंच काही कळतं.

म्हणून उघडं लाकूड लागतं. खरबरीत, कोरड्या सालीवर पुसलेला वास नीट बसत नाही. ताजं, चिकट, ओलसर लाकूड तो धरून ठेवतं. शिवाय ते पांढरं असतं. हरणांना लाल-हिरवा रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, पण संधिप्रकाशात त्यांची नजर आपल्यापेक्षा कितीतरी चांगली चालते. अंधारलेल्या रानात काळ्या खोडांमध्ये एक पांढरा पट्टा लांबून नजरेत भरतो. आधी डोळ्यांना बोलावणं, जवळ आलं की नाकाला मजकूर. आणि आता मामाच्या बांधावर निलगिरीच का, तेही कळतं. अमेरिकेतली हरणं घासायला सरळ, गुळगुळीत सालीची, खालच्या अंगाला फांद्या नसलेली झाडं निवडतात आणि त्यातही सीडर, पाइन यांसारखी उग्र वासाची त्यांना जास्त आवडतात. निलगिरीत यातलं काय कमी आहे? बांधावर जांभूळ होतं, आंब्याची कलमं होती, फणस होता. त्यांना धक्काही लागला नव्हता.

लिहिलेलं वाचणारा कोण आणि वाचतो कसा, ही गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. बोकड शेळीचं मूत हुंगतो आणि मग मान वर करून वरचा ओठ उलटा दुमडून तसाच उभा राहतो. गावाकडं म्हणतात, बोकड दात काढतो. पोरं हसतात. तो हसत नसतो. तोंडाच्या टाळूला, पुढच्या बाजूला, एक बारीक छिद्र असतं आणि तिथून वास एका वेगळ्या इंद्रियाकडे जातो. ते नाकाच्या पोकळीच्या तळाशी असतं, नळीसारखं. साधा वास नाक घेतं, पण जड, न उडणारे, ओले रेणू या नळीत ओढून घ्यावे लागतात. ओठ दुमडणं हा त्याचा पंप. रेडा हे करतो, घोडा करतो, सांबर-चितळ करतात. त्या इंद्रियाची तार मेंदूच्या अशा भागाला जोडलेली आहे जिथून माज, संप्रेरकं, जोडीदार यांचे निर्णय हलतात. घासलेलं झाड हरणं चाटतात ती यासाठीच. मादी येते, लाकूड हुंगते, चाटते, कधी कधी तीही कपाळ पुसून जाते. तिच्याही कपाळावर त्या ग्रंथी असतात, फक्त कमी चालणाऱ्या.

त्या वासात काय काय लिहिलेलं असतं? एक म्हणजे, कोण. कपाळावरच्या वासाची रासायनिक तपासणी झालेली आहे आणि त्यात पुष्कळ पदार्थांचं मिश्रण निघतं. वरचढ नराचं आणि दबलेल्या नराचं मिश्रण वेगळं असतं. म्हणजे दुसरी गोष्ट, दर्जा. तिसरी, कधी. काही घटक झटकन उडतात, काही रेंगाळतात, त्यामुळे खूण कालची की पंधरवड्याची हे हुंगणाऱ्याला कळतं. मजकूर एवढाच, पण त्यानं मोठं काम होतं.

जत्रेच्या फडात जोड कशी लावतात आठवा. पंच दोघांना शेजारी उभे करतात. उंची, मान, वजन, आधी कुठं कुणाला चितपट केलं, हे सगळं बघतात आणि मग हात उंच करतात. जोड विजोड असली तर पोरगं मुकाट्यानं बाजूला होतं, त्यात कमीपणा नाही. हरणांना पंच नाही. शिंगाला शिंग लावणं म्हणजे हाड मोडणं, डोळा जाणं, कधी दोघांची शिंगं अडकून दोघांनी उपाशी मरणं. म्हणून जोड रिंगणात उतरायच्या आधीच लागलेली बरी. लहान नर झाडापाशी येतो, हुंगतो, हा कोण आहे ते ओळखतो आणि वाट बदलतो. तोडीस तोड असला तर त्याच झाडावर आपलं कपाळ घासून जातो. जाड झाड घासलेलं दिसलं तर ते दांडग्या नराचं काम. दांडगा बारीक झाडंही घासतो, पण पोरसवदा नर जाड झाडाच्या वाटेला सहसा जात नाही.

इथं मामा मधेच म्हणाला, "म्हंजी हद्द घातली म्हण की."

हा गैरसमज मामाचा एकट्याचा नाही. इंग्रजी वाहिन्यांवरचे डब केलेले कार्यक्रम बघून आपल्याला वाटतं की प्राण्यानं खूण केली म्हणजे सातबारा नावावर केला. वाघ-बिबट्याच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. पण पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे नर असा बांध घालत नाहीत. त्यांची फिरण्याची रानं एकमेकांवर चढलेली असतात. एकाच झाडावर अनेक नर येऊन घासून जातात, काही झाडं तर वर्षानुवर्षं तीच वापरात राहतात. हद्दीच्या दगडावर शेजाऱ्यानं येऊन आपलंही नाव कोरलं तर भावकीत कोयते निघतील. इथं ते चालतं, कारण तो दगडच नव्हे. ती चावडी आहे. ज्याला गावात वावरायचंय त्यानं तिथं येऊन हजेरी लावायची आणि बाकीचे कोण कोण येऊन गेले ते बघायचं. मामाला ही उपमा आवडली नाही. चावडीवर त्याची एक जुनी तक्रार पडून आहे.

खरा बांध घालणारा बघायचा असेल तर काळवीट बघावा. तो माजाच्या दिवसांत माळावर आपला तुकडा राखतो. त्याच्या डोळ्याखाली एक ठसठशीत काळी खाच असते, तीही ग्रंथीच. गवताच्या काडीचं किंवा फांदीचं टोक तो हळूच त्या खाचेत घालतो आणि काडीवर काळसर चिकट ठिपका ठेवतो. लेंड्याही ठरलेल्या जागी, ढीग करून टाकतो. तो मात्र झाड सोलत बसत नाही.

काळवीट, चितळ आणि सांबर तिन्ही एका दिवसात दिसू शकतील अशी आपल्याकडची जागा म्हणजे सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. धों. म. मोहित्यांच्या धडपडीतून बोडक्या टेकड्यांवर झाडं लावून ते उभं राहिलं, हरणं बाहेरून आणून सोडली आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. वरच्या टोकावरून खाली कृष्णेचं खोरं, ऊस आणि द्राक्षबागा दिसतात. मामाकडून परत येताना वाट वाकडी करून मी तिथं गेलो, घासलेली झाडं बघायला.

झाडं दिसली, पण त्याहून चांगलं काही दिसलं. एक चितळ नर बोरीखाली आला, मागच्या दोन पायांवर सरळ उभा राहिला आणि डोक्यावरच्या फांदीत तोंड खुपसून शिंगं घुसळायला लागला. मला वाटलं पाला खातोय. खात नव्हता. गाल फांदीला घासत होता, डोळ्यापुढची ग्रंथी उघडून. दोन-तीन मिनिटं चाललं ते. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर १९६० च्या दशकात कान्हाच्या जंगलात हरणांचा अभ्यास करत होते. चितळ नराच्या या पवित्र्याची नोंद तेव्हापासूनची आहे. सांबरही असंच उभं राहून उंच फांद्यांवर खूण करतं. अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण याच्या जवळ जाणारं काही करतं: डोक्यावरच्या फांदीला कपाळ आणि डोळ्याची ग्रंथी पुसतं, खालची माती खुरानं उकरतं आणि तिथं मुततं. म्हणजे खोड ही एक पाटी, फांदी दुसरी आणि माती तिसरी.

सांबराला तर चौथीही असते, चिखल. माजावरचा नर पाणथळीत लोळतो, त्यातच मुततो आणि तो चिखल अंगावर घेऊन हिंडतो. मग वाटेतल्या झाडांना घासतो. कोयनेच्या रानात खोडाला कमरेच्या वर वाळलेला चिखल दिसला, त्यात करडे राठ केस आणि जवळच सोललेलं झाड, तर दुसरं कुणी शोधायला नको. सांबराच्या माजाचा मुख्य काळ आपल्याकडं थंडीचा, त्यामुळं मामाचा डिसेंबरातला फोन अगदी वेळेवर होता. चितळांचं असं एकच वेळापत्रक नाही. उन्हाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो, पण कळपात एकाची शिंगं कडक, दुसऱ्याची मखमलीत आणि तिसऱ्याची नुकतीच गळलेली, असं कधीही दिसू शकतं.

भेकराचं तंत्र निराळं. कुत्र्याएवढा जीव, शिंगं वीतभरसुद्धा नाहीत. त्याच्या कपाळावर इंग्रजी व्हीसारख्या दोन खाचा असतात, त्या ग्रंथी तो जमिनीला टेकवून खूण करतो. बारीक खोडं शिंगांनी हलवतो आणि खालच्या दातांनी साल ओरखडतो. पिसोरी, म्हणजे मूषकहरीण, या सगळ्याच्या बाहेर. तिला शिंगं नाहीत आणि खरं तर ती हरणांच्या कुळातलीही नाही. आणि पिसोरी दिसणंच मुळात नशिबाची गोष्ट, तिची खूण कोण शोधणार.

रानात सोललेलं झाड दिसलं म्हणजे ते हरणाचंच असंही नाही. रानडुक्करही चिखल पुसतं, पण ते खाली, गुडघ्याच्या आसपास, आणि केस जाड, टोकाला फाटलेले. सायाळ बुंध्याशी कुरतडते आणि तिच्या वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांच्या जोडखुणा उमटतात. हरणाला, शेळीला वर पुढचे दातच नसतात, त्यामुळे भुकेनं साल खाल्ली असेल तर खालून वर ओढल्याच्या लांब पट्ट्या दिसतात आणि साल गायब असते, जमिनीवर चुरा पडत नाही. बिबट्याच्या आणि अस्वलाच्या नखांच्या रेघा समांतर असतात. गवा अंग घासतो ते झाड तुमच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत तुकतुकीत होतं, आणि तिथं जास्त वेळ थांबून निरीक्षण करू नये असं माझं मत आहे. मामाच्या झाडावर दशा, चुरा आणि गुळगुळीत मध्यभाग, तिन्ही एकत्र होतं. तात्यांनी हात न लावता निकाल दिला तो या जोरावर.

ताजेपणही बघता येतं. पहिल्या दिवशी लाकूड ओलं, पिवळसर पांढरं, दशा हिरव्या आणि मऊ. चार दिवसांत दशा वाळून कुरळ्या होतात, लाकूड तांबूस पडतं. एकाच ओढ्याकाठी किंवा धारेवर अशी पाच-सहा झाडं रांगेनं दिसली तर ती नराची ये-जा करायची वाट. मामाच्या पाच निलगिरी सरळ रेषेत होत्या, कारण बांधच सरळ होता. पण पलीकडं कारवीतून आलेली एक पायवाट नेमकी पहिल्या झाडाशी निघत होती. त्या डोंगरामागं कोयना अभयारण्य. चांदोलीचं रान आणि ते मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. मामाचा बांध त्या नराच्या लेखी रानाचाच शेवटचा कोपरा होता.

आता झाडाचं काय. पानांनी बनवलेलं अन्न मुळांकडं जातं ते सालीच्या आतल्या थरातून. एका बाजूची साल गेली तर झाड जखम भरून काढतं. सगळीकडून, बांगडीसारखी गेली तर मुळं उपाशी राहतात आणि वरचं झाड हळूहळू वाळतं. पाचातली चार एका अंगानं सोललेली होती. त्यांना आम्ही बोर्डो पेस्ट लावली, तासगावच्या द्राक्षवाल्यांच्या घरात बारा महिने असते तीच, मोरचूद आणि चुन्याची. भोवती बोरीच्या काटेरी फांद्या उभ्या करून बांधल्या. रोपं लहान असतील तर पहिली तीन-चार वर्षं बांबूच्या कामट्यांचा पिंजरा करावा, झाड जाड झालं की धोका कमी होतो. पाचवं झाड मात्र चहूबाजूंनी गेलं होतं. मामा ते तोडणार होता. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्येला एक लागतंय. हे काढलंस तर दुसरं धरील." याला पुस्तकी आधार शोधत बसलो नाही, पण जुनी झाडं पुन्हा पुन्हा वापरली जातात हे माहीत होतं, आणि वाळक्या खांबालाही नर शिंगं लावतात. झाड राहिलं.

पावसाळ्यात त्याचा शेंडा वाळला आणि बुडातून फुटवे फुटले, निलगिरी ती. चुलतमामानं एकदा येऊन ते झाड बघितलं, त्या काळात दोघं बोलत नव्हते तरी.

यंदा नोव्हेंबरात फोन आला. सकाळी सहालाच. मी घाबरून उचलला.

"आलाय रं," मामा म्हणाला. "त्याच झाडाला."